एक्केचाळीस स्वच्छ पिशव्या

"बाबा, बाजाराची पिशवी शेवटची कधी धुतलीत?" असं मुलीनं विचारलं, तेव्हा चिठ्ठीसाहेबांना प्रश्नच कळला नाही.

त्यांनी तो मनातल्या मनात दोनदा उलटसुलट करून पाहिला. बाजार कळत होता, पिशवी कळत होती, धुणंही कळत होतं; पण हे तिन्ही शब्द एका वाक्यात काय करताहेत ते लक्षात येईना. पिशवीत आपण वस्तू घालतो, घरी येऊन काढतो आणि पिशवी दाराच्या मागे खुंटीला लावतो. यात धुणं बसतं कुठे?

प्रसंग मात्र गंभीर होता. चिठ्ठीसाहेबांची बायको कालपासून पोट धरून अंथरुणावर पडली होती. ती शाळेत भूगोल शिकवत असे, आणि आजारी पडणं हा प्रकार तिला मुळातच आळशीपणाचा वाटे. त्यामुळे ती पडली म्हणजे खरोखरच पडली होती. डॉक्टर येऊन "खाण्यात काहीतरी आलं असेल" असं म्हणून आणि भरपूर पाणी प्यायला सांगून गेले होते. खाण्यात आलेलं ते काहीतरी आलं कुठून, याचा तपास आता घरात चालू होता. त्या दिवशीचा स्वयंपाक मुलीनं केला होता, म्हणून तपासाची घाई तिला जास्त. आणि बाजार आणला होता चिठ्ठीसाहेबांनी.

चिठ्ठीसाहेब हे काही आईबापांनी ठेवलेलं नाव नव्हे. ते शहराच्या हरवल्या-सापडल्या वस्तूंच्या कार्यालयात भांडारप्रमुख होते. कोणाची छत्री, कोणाचा चष्मा, एकदा तर कोणाची तरी वरच्या दातांची कवळी, असं जे काही येईल त्याला नंबराची चिठ्ठी बांधायची, वहीत नोंद करायची आणि मालक येईपर्यंत फळीवर ठेवायचं. सतरा वर्षं हे काम करून त्यांना चिठ्ठीचा असा काही लळा लागला होता, की घरातल्या एका बरणीवर 'मीठ' आणि शेजारच्या बरणीवर 'साखर, मीठ नव्हे' असं लिहिलेलं होतं. कार्यालयानं त्यांना चिठ्ठीसाहेब म्हणायला सुरुवात केली, मग इमारतीनं उचललं. बायको अर्थात 'अहो'च म्हणे.

आणि घरातलं बाजार हे एकच खातं संपूर्णपणे त्यांच्या ताब्यात होतं. दर शनिवारी हिरवी पिशवी घेऊन ते निघत. तिच्यात खाली बटाटे, त्यावर कागदात गुंडाळलेले मासे, त्यावर टोमॅटो आणि सगळ्यात वर पाव. ही रचना त्यांनी स्वतः बसवली होती आणि तिचा त्यांना अभिमान होता.

"अकरा वर्षांत या पिशवीबद्दल एक तक्रार नाही," ते म्हणाले.

मुलीनं पिशवी खुंटीवरून काढली आणि टेबलावर वर्तमानपत्र पसरून उलटी केली. वाळलेल्या पाल्याचा चुरा पडला. कांद्याची सालं पडली. अक्षरं उडालेली एक पावती पडली. एक करडा, लिबलिबीत तुकडा पडता पडता राहिला आणि लोंबकळू लागला. तो पूर्वी काय होता यावर घरात शेवटपर्यंत एकमत झालं नाही. तळाच्या डाव्या कोपऱ्यात माशाचा एक खवला घट्ट बसला होता, सदऱ्याच्या बटणासारखा.

मुलगी सूक्ष्मजीवशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला होती, आणि दुसऱ्या वर्षाला माणसाला जितकं कळतं तितकं पुढे जन्मात कधी कळत नाही. तिनं कापसाची काडी घेतली, पिशवीच्या तळावर फिरवली, बाटलीत बंद केली आणि कॉलेजात नेली. शनिवारी दुपारी तिनं फोनवर एक फोटो दाखवला. काचेची चपटी डबी होती, आणि तिच्यात पिवळे, पांढरे, गुलाबी ठिपके इतके दाटीवाटीनं उगवले होते, की चिठ्ठीसाहेबांना आधी ते भरतकाम वाटलं.

"छान आहे. तू केलंस?"

"मी नाही केलं, बाबा. तुम्ही केलंत. अकरा वर्षं."

चिठ्ठीसाहेब खुर्चीत बसले. आतल्या खोलीत बायको कण्हली. ते कण्हणं कूस बदलण्याचं होतं, पण त्यांना ते थेट आरोपासारखं ऐकू आलं. म्हणजे आपण दर शनिवारी बायकोसाठी जातीनं, निवडून निवडून विष आणत होतो. वर पाव ठेवून.

त्या क्षणी त्यांनी ठरवलं, की आता या घरातली एकही पिशवी मळकी राहणार नाही. हा निर्णय तिथेच थांबला असता तर एक पिशवी धुतली गेली असती आणि गोष्टही संपली असती. पण सतरा वर्षांची सवय आडवी आली. त्यांनी आधी मोजणी करायला घेतली.

घरात एकंदर तेवीस पिशव्या निघाल्या. पिशव्या ठेवायची एक पिशवी होती, तिच्यात एक पिशवी होती आणि तिच्यातही पिशव्या होत्या. मुलीनं नियम सांगितला होता, की कच्च्या मांस-मासळीची पिशवी वेगळी, भाजी-फळांची वेगळी, पाव-बिस्किटांसारखं थेट तोंडात जाणाऱ्यांची वेगळी, आणि साबण-फिनेलची तर अगदीच वेगळी. चिठ्ठीसाहेबांनी चार रकान्यांची वही आखली. पहिल्या पाच मिनिटांतच अंड्यांपाशी गाडं अडलं. ते वही घेऊन बायकोच्या उशाशी गेले.

"अंडं कच्च्यात धरायचं की कसं? आतून कच्चं आहे, पण बाहेरून बंद आहे."

बायकोनं डोळे उघडले, त्यांच्याकडे पाहिलं आणि पुन्हा मिटले.

"बरं, कलिंगड? ते आपण साल काढून खातो. म्हणजे साल मळकी चालेल की नाही?"

"मला जरा पाणी द्या," ती म्हणाली.

त्यांनी पाणी दिलं आणि वहीत 'अंडी, कलिंगड: निर्णय प्रलंबित' असं लिहिलं.

पिशव्या कशा धुवायच्या हा पुढचा प्रश्न. वरच्या मजल्यावर सिस्टर राहत. तीस वर्षं इस्पितळात काढून त्या निवृत्त झाल्या होत्या, पण आवाज अजून वॉर्डातच होता. चिठ्ठीसाहेबांनी जिन्यात त्यांना विचारलं.

"उकळा," सिस्टर म्हणाल्या.

"सगळ्या?"

"जे उकळतं ते स्वच्छ होतं. जे उकळत नाही त्याचा मला भरवसा नाही."

रविवारी सकाळी घरातलं सगळ्यात मोठं पातेलं चढलं. हिरवी पिशवी आत गेली, तिच्यामागे पांढऱ्या कापडाच्या दोन, एक निळी आणि प्लास्टिकच्या धाग्यांनी विणलेली एक चकचकीत. पंधरा मिनिटांनी चिठ्ठीसाहेबांनी झाकण काढलं. पाणी हिरवं होतं. पांढऱ्या पिशव्या हिरव्या होत्या, निळी कुठल्यातरी तिसऱ्याच रंगाची झाली होती आणि हिरवी मात्र पांढरी पडली होती. चकचकीत पिशवी दिसेना. त्यांनी चिमट्यानं शोधाशोध केली, तेव्हा ती पातेल्याच्या बुडाशी सापडली. ती आता पिशवी नव्हती, अस्तर होतं. ते पातेलं पुढे कशाच्याही उपयोगाचं राहिलं नाही आणि पिशव्या बावीस उरल्या.

तळमजल्यावर लाँड्रीवाले काका होते. चिठ्ठीसाहेबांनी ते पातेलं त्यांच्यापुढे नेऊन ठेवलं.

"उकळायला सांगितलं कोणी? साहेब, धुणं म्हणजे कापड ओळखणं. आत शिवलेली पट्टी वाचा. तिच्यावर सगळं लिहिलेलं असतं."

चिठ्ठीसाहेबांना हे मनापासून पटलं. शेवटी पट्टी म्हणजे काय, तर चिठ्ठीच. आपण जन्मभर वस्तूंना चिठ्ठ्या बांधल्या आणि वस्तूची स्वतःची चिठ्ठी वाचायची राहिली, याची त्यांना लाज वाटली. घरी येऊन त्यांनी भिंग काढलं. बहुतेक पिशव्यांना पट्टीच नव्हती. एका मोठ्या पिशवीवर बाहेरून ठसठशीत अक्षरांत 'पुन्हा पुन्हा वापरा' असं छापलेलं होतं आणि आतल्या पट्टीवर बारीक अक्षरांत लिहिलं होतं: 'धुऊ नये. घासू नये. पिळू नये. इस्त्री करू नये. स्वच्छ ठेवावी.'

त्यांनी ते चारदा वाचलं. मग पट्टीवर असलेल्या नंबराला सोमवारी कार्यालयातून फोन लावला.

"तक्रार आहे की सूचना?" पलीकडून एका मुलीचा गोड आवाज आला.

"शंका आहे."

"शंकेसाठी पर्याय नाही, सर. तक्रार नोंदवू का?"

"तक्रार कशी नोंदवणार? पिशवीत दोष नाही. ती धुवायची नाही आणि स्वच्छ ठेवायची, हे जमवायचं कसं एवढंच विचारायचं आहे."

"म्हणजे पिशवी मळली आहे?"

"हो."

"वापरल्यामुळे मळली का?"

चिठ्ठीसाहेबांना वाटलं, यात काहीतरी डाव आहे. "हो," ते सावधपणे म्हणाले.

"वापरामुळे आलेली खराबी हमीत बसत नाही, सर. आणखी काही मदत करू शकते का?"

त्यांनी आभार मानून फोन ठेवला. आपण आभार कशाचे मानले, हे त्यांना संध्याकाळपर्यंत कळलं नाही.

शेवटी मार्ग मुलीनंच काढला. साबणाचं गरम पाणी, आतून बाहेरून घासणं, शिवणी विशेष, आणि मग उलट्या करून कडक उन्हात ठणठणीत वाळवणं. "ओलसर राहिली तर धुतलेलं सगळं फुकट," तिनं बजावलं. धुणं जमलं. बावीस पिशव्या न्हाणीघरात ठिबकू लागल्या. ऊन मात्र घरात येत नव्हतं. ते गच्चीवर येत होतं, आणि गच्चीवर सेक्रेटरीचं राज्य होतं.

इमारतीच्या समितीचे सेक्रेटरी हे मऊ आवाजाचे, सुकलेले गृहस्थ होते. त्यांनी कधी कोणाला नाही म्हटलं नव्हतं. ते फक्त अर्जाचा नमुना देत. गच्चीवरची दोरी वापरण्याच्या अर्जात तीन चौकोन होते: कपडे, अंथरूण-पांघरूण, गालिचा.

"पिशव्या कशात?" चिठ्ठीसाहेबांनी विचारलं.

"पिशवी तुम्ही अंगावर घालता का?"

"अंगावर नाही. खांद्यावर."

सेक्रेटरींनी विचार केला. "मग कपड्यांत धरू. पण कपड्यांना मंगळवार, अकरा ते एक."

मंगळवारी अकरा ते एक चिठ्ठीसाहेब कार्यालयात असत. त्यांनी अर्ध्या दिवसाच्या रजेचा अर्ज केला, आणि स्वभावानं सरळ असल्यामुळे कारणाच्या जागी 'पिशव्या वाळवणे' असं लिहिलं. मोठ्या साहेबांनी त्यांना आत बोलावलं.

"घरी सगळं ठीक आहे ना?"

"बायको आजारी आहे."

"मग तसं लिहा ना. हे काय लिहिलंय? सांकेतिक भाषा आहे का काही?"

"नाही सर. बायको आजारी आहे म्हणूनच पिशव्या वाळवायच्या आहेत."

मोठ्या साहेबांनी त्यांच्याकडे अतिशय दयाळूपणे पाहिलं आणि पूर्ण दिवसाची रजा दिली.

मंगळवारी गच्चीवर खुर्ची टाकून, डोक्यावर रुमाल बांधून चिठ्ठीसाहेब बावीस उलट्या पिशव्यांवर पहारा देत बसले. तिकडे चार मजले खाली बायको अंथरुणावर उठून बसली होती आणि तिला कोणीतरी जवळ असावंसं वाटत होतं. ते चिठ्ठीसाहेबांना ठाऊक नव्हतं. ते तिच्यासाठीच तर उन्हात बसले होते.

दोन दिवसांनी मुलीनं धुतलेल्या पिशवीवर पुन्हा काडी फिरवून नेली. शनिवारी फोटो आला, आणि या वेळी डबीत काहीही नव्हतं. नुसती स्वच्छ काच. चिठ्ठीसाहेबांनी तो फोटो स्वतःच्या फोनवर मागून घेतला आणि जो भेटेल त्याला दाखवायला सुरुवात केली.

"कशाचा फोटो आहे हा?" समोरच्या दारातल्या काकूंनी विचारलं.

"कशाचाच नाही. तेच तर बघायचं."

काकूंनी निरखून पाहिलं. मग चिठ्ठीसाहेबांनी त्यांना आधीचा, भरतकामाचा फोटो दाखवला. काकू घरात गेल्या आणि चार पिशव्या घेऊन आल्या. "तुम्ही धुताच आहात तर," त्या म्हणाल्या.

यावर नाही म्हणायला जो वेळ लागतो, तेवढा वेळ चिठ्ठीसाहेबांना मिळाला नाही. खरं सांगायचं तर त्यांना बरंही वाटलं. पातेल्यापासून घरात त्यांची किंमत जरा उतरली होती, आणि इथे कोणीतरी विश्वासानं चार पिशव्या हातात देत होतं. त्यांनी प्रत्येकीला घराच्या नंबराची चिठ्ठी बांधली. संध्याकाळी काकूंनी केकचा मोठा तुकडा पाठवला, आणि केक कशाबद्दल आला हे जिन्याजिन्यातून पसरलं. रविवारी सकाळी दाराच्या कडीला आणखी पंधरा पिशव्या अडकवलेल्या होत्या. सिस्टरांच्याही त्यात होत्या, सोबत 'उकळून' अशी सूचना. चिठ्ठीसाहेबांनी या पंधरांना आणि पुन्हा धुवायला काढलेल्या घरच्या बावीसांनाही चिठ्ठ्या बांधल्या. एकूण झाल्या एक्केचाळीस.

बायको आता हिंडूफिरू लागली होती. दारात उभी राहून तिनं न्हाणीघरात पाहिलं.

"या कोणाच्या?"

"लोकांच्या."

"त्या आपल्या न्हाणीघरात का आहेत?"

याचं उत्तर चिठ्ठीसाहेबांना येत होतं, पण ते मोठ्यानं म्हटल्यावर कसं वाटेल याचा अंदाज येईना. म्हणून ते शिवणी घासत राहिले.

सेक्रेटरींनी खास बाब म्हणून पुढचा अख्खा मंगळवार दिला. त्यात बहुधा त्यांच्या स्वतःच्या दोन पिशव्यांचा हातभार असावा. एक्केचाळीस पिशव्या चार दोऱ्यांवर लागल्या. साडेबारापर्यंत सगळं दृष्ट लागण्यासारखं होतं, आणि मग वारा सुटला. पिशवीची गंमत अशी, की तिच्यात वारा शिरला की तिला वाटतं आपल्याला बाजाराला नेताहेत. चिमटे तटातट उडाले. काही पिशव्या पाण्याच्या टाकीमागे गेल्या, काही जिन्यातून खाली उतरल्या, एक जाऊन सेक्रेटरींच्या खिडकीला चिकटली. चिठ्ठीसाहेबांनी धावून धावून सगळ्या गोळा केल्या. एक्केचाळीस भरल्या. त्यांनी घाम पुसला आणि पहिल्या पिशवीची चिठ्ठी वाचायला घेतली.

चिठ्ठी कोरी होती. दुसरीही कोरी. त्यांनी पिशव्यांना चिठ्ठ्या बांधल्या होत्या त्या धुण्यापूर्वी, आणि लिहिल्या होत्या कार्यालयाच्या शाईनं. साबणाच्या गरम पाण्यानं आपलं काम प्रामाणिकपणे केलं होतं.

चिठ्ठीसाहेब खुर्चीत बसले. सतरा वर्षांत त्यांच्या फळीवरची एक छत्री चुकीच्या हातात गेली नव्हती.

पण असल्या वेळी काय करायचं हे त्यांना शिकवलेलं होतं. संध्याकाळी त्यांनी सगळ्यांना घरी बोलावलं आणि एकेकाला विचारलं, "पिशवीचं वर्णन सांगा."

"कापडी," समोरच्या काकू म्हणाल्या.

"आणखी?"

"बंद दोन आहेत."

"माझी मळकट होती," सिस्टर म्हणाल्या, "आता ती कशी दाखवू?"

कोणालाही स्वतःच्या पिशवीचं वर्णन करता येईना. मात्र ढिगात एक सुरेख लाल-पांढऱ्या पट्ट्यांची, जाड कापडाची पिशवी होती. ती समोर येताच सात जणांनी आपली म्हणून ओळखली. काकूंना ती बहिणीनं दिली होती. सिस्टरांना ती निरोप समारंभात मिळाली होती. सेक्रेटरी मऊ आवाजात म्हणाले, की याबाबत त्यांच्याकडे कागद आहेत. कोणीतरी केकचा उल्लेख केला आणि बोलणं पिशवीवरून इतरत्र गेलं, मागच्या वर्षीच्या पाणीगळतीपर्यंत गेलं. रात्रीच्या जेवणाच्या सुमाराला सगळे रिकाम्या हातानं आणि रागानं घरी गेले, आणि पिशव्या चिठ्ठीसाहेबांच्या बैठकीत राहिल्या.

गुरुवारी कामावरून येऊन ते चपला काढत होते, तेवढ्यात नगरपालिकेच्या आरोग्य निरीक्षक बाई आल्या. हातात फाईल, बोलणं अगदी व्यवस्थित. निवासी इमारतीत विनापरवाना धुलाई केंद्र चालतं, अशी निनावी तक्रार होती. तक्रार ज्या कागदावर लिहिली होती त्याच्या मागच्या बाजूला तळमजल्याच्या लाँड्रीची पावती छापलेली होती, पण निनावी म्हणजे निनावी, असं बाई म्हणाल्या.

"इथे धुलाई केंद्र आहे?"

"नाही. इथे आम्ही राहतो."

"या पिशव्या?"

"धुतलेल्या आहेत."

"कोणी धुतल्या?"

"मी."

"कोणासाठी?"

"तेच आता सांगता येत नाही."

बाईंनी लिहून घेतलं. "मोबदला?"

"एकदा केक आला होता."

"वस्तुरूपात," असं म्हणून बाईंनी तेही लिहिलं. "मग हा व्यवसाय झाला. परवाना नसेल तर दंड."

"व्यवसाय नाही हो. बायको आजारी होती म्हणून."

बाईंनी पेन थांबवलं आणि पिशव्यांच्या ढिगाकडे, मग स्वयंपाकघराच्या दारात उभ्या असलेल्या बायकोकडे पाहिलं. दोन्हींचा संबंध लागतो का, याचा त्यांनी खरंच प्रयत्न केला. मग त्यांना चिठ्ठीसाहेबांची कणव आली असावी.

"माझ्याकडे तीनच रकाने आहेत," त्या म्हणाल्या. "घरगुती, व्यावसायिक आणि बेवारस. एक्केचाळीस पिशव्या घरगुती लिहिता येणार नाहीत. व्यावसायिक लिहिलं तर तुम्ही अडकता. या नक्की कोणाच्या हे तुम्हाला सिद्ध करता येतं का?"

"नाही."

"इमारतीत कोणाला येतं का?"

"त्यांना तर अजिबात नाही."

"मग बेवारस," बाईंनी सुटकेनं लिहिलं. "शहरात बेवारस सापडलेल्या वस्तू कुठे जमा करायच्या हे तुम्हाला माहीत असेलच."

चिठ्ठीसाहेबांना माहीत होतं.

शुक्रवारी सकाळी दहा वाजता नगरपालिकेची गाडी हरवल्या-सापडल्या वस्तूंच्या कार्यालयासमोर उभी राहिली. एक्केचाळीस पिशव्या उतरवल्या गेल्या आणि 'मिळाल्या' म्हणून भांडारप्रमुखांची सही झाली. त्यांनी प्रत्येकीला नवी चिठ्ठी बांधली, या वेळी न पुसणाऱ्या शाईनं. मग त्यांनी स्वतःच्या बावीस पिशव्या परत मिळाव्यात म्हणून अर्ज लिहिला आणि तो कोणाला द्यायचा हे बघितलं, तर तो त्यांनाच द्यायचा होता. पण कर्मचाऱ्यानं स्वतःला वस्तू परत करू नये असा नियम होता. तो सतरा वर्षांपूर्वी त्यांनीच सुचवला होता, कवळीच्या प्रकरणानंतर. अर्ज मोठ्या साहेबांकडे गेला.

"ओळखीची खूण?" मोठ्या साहेबांनी विचारलं.

"मुख्य पिशवीच्या तळाला, डाव्या कोपऱ्यात माशाचा खवला होता."

साहेबांनी पिशवी उलटी करून पाहिली. "नाही."

"आता नाहीच."

"रंग काय म्हणालात?"

"हिरवा होता. म्हणजे आता हिरव्या दिसतात त्या तेव्हा पांढऱ्या होत्या. हिरवी ती ही, पांढरी."

"म्हणजे खूण होती."

"होती," चिठ्ठीसाहेब म्हणाले. "धुतली."

साहेबांनी पिशवी सुलटी करून बाजूला ठेवली आणि अर्जावर 'ओळख पटत नाही, तीन महिने ठेवावे' असा शेरा मारला. त्यांचा नाइलाज होता. चिठ्ठीसाहेब त्यांच्या जागी असते तर त्यांनीही तेच लिहिलं असतं, हे स्वतःच्या लक्षात येऊन त्यांना आणखी वाईट वाटलं. बाहेर खिडकीपाशी सिस्टर, काकू आणि सेक्रेटरी अर्ज भरत रांगेत उभे होते. काकूंनी वर्णनाच्या जागी लिहिलं होतं, 'पिशवीसारखी'.

दुसऱ्या दिवशी शनिवार होता. घरात भाजी नव्हती, पाव नव्हता आणि ते आणायला एकही पिशवी नव्हती. दुकानदारांनी पिशव्या देणं कधीच बंद केलं होतं. चिठ्ठीसाहेब दारामागच्या मोकळ्या खुंटीकडे बघत उभे होते.

"चला, मी येते," बायको म्हणाली.

"पिशवी नाही."

"हात आहेत ना."

कितीतरी दिवसांनी दोघं बरोबर बाजारात गेली. बायको जरा हळू चालत होती आणि चिठ्ठीसाहेबांच्या ते बऱ्याच उशिरा लक्षात आलं. भाजीवालीनं बटाटे तोलून "कशात घेता?" म्हणून विचारलं, तेव्हा त्यांनी कोटाचे दोन्ही खिसे पुढे केले. कोबीचा गड्डा बायकोनं काखेत धरला. काकड्या त्यांच्या आतल्या खिशात गेल्या, टोमॅटो तिच्या ओंजळीत, पाव त्यांच्या छातीशी.

"एकदाचं निस्तरलं," परत येताना ते म्हणाले. "पिशव्या गेल्या, पण निदान पुन्हा तुला त्रास तरी व्हायचा नाही."

"मला पिशवीनं काही झालं नव्हतं," बायको म्हणाली. "शाळेत साथ होती. माझा अर्धा वर्ग पोटदुखीनं घरी होता. मुख्याध्यापिकाही."

चिठ्ठीसाहेब थांबले. एक बटाटा खिशातून निसटून रस्त्यावर पडला. तो उचलायचा तर पाव पडणार होता, म्हणून ते त्याच्याकडे नुसते बघत राहिले.

"हे तुला कधी कळलं?"

"तिसऱ्या दिवशी. शाळेतून फोन आला होता."

"मग सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही विचारलं कुठे? तुम्ही अंड्याबद्दल विचारत होतात."

त्यांनी खूप आठवून पाहिलं. त्या दिवसांत त्यांनी सिस्टरांना विचारलं होतं, लाँड्रीवाल्यांना, सेक्रेटरींना, फोनवरच्या त्या मुलीला विचारलं होतं. पट्टीला भिंगातून विचारलं होतं. मग हिला विचारायचं राहिलं कसं, हे काही त्यांना उलगडेना. रजेच्या अर्जातसुद्धा तिचं नाव नव्हतं. बायकोनं वाकून बटाटा उचलला आणि त्यांच्या खिशात परत कोंबला.

"आता कसं वाटतंय?" त्यांनी विचारलं.

बायकोनं त्यांच्याकडे वळून बघितलं. त्यांना खरोखर ऐकायचं आहे की ते पुन्हा काही रकाने आखताहेत, याचा तिनं अंदाज घेतला असावा. मग ती सांगू लागली. बुधवारी सकाळी वर्गात नकाशा टांगताना डोळ्यांपुढे अंधारी कशी आली, फळा धरून ती कशी उभी राहिली, मुलांना कळू नये म्हणून तिनं त्यांना नद्यांची नावं लिहायला कशी लावली. रस्ता संपला, जिना लागला, तरी ती पहिल्याच दिवशी होती. दुसऱ्या मजल्यावर काकू भेटल्या. त्या कोबीकडे बघून काहीतरी विचारणार होत्या, पण चिठ्ठीसाहेबांनी मानेनंच त्यांना थांबायची खूण केली आणि ते पुढे गेले.

दाराशी पोचल्यावर कळलं, की बेल वाजवायला दोघांचाही हात मोकळा नाही. कोपरानं वाजवता आली असती. एरवी त्यांनी ती वाजवलीही असती. पण बायको आता कुठे गुरुवारच्या दुपारपर्यंत आली होती, ताप चढायला नुकतीच सुरुवात झाली होती, आणि घरात कोणीच कसं नव्हतं ते ती सांगत होती. चिठ्ठीसाहेबांनी पाव छातीवरून काखेत सरकवला, भिंतीला नीट टेकले आणि म्हणाले, "मग?"